आधी पाणी, मग गाव

दत्ताराम विशे माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "जिवंत आहेत."

मी स्क्रूंच्या पुड्या मोजत होतो. मान वर करून विचारलं, "कोण?"

"शुद्धीवर आहेत, बोलतायत. उजवा पाय मोडलाय, बाकी काय नाय. कल्याणच्या दवाखान्यात ठेवलंय. तुझे सासरे. मोटारसायकलवरून पडले. आत्ता फोन आलेला. बस, बस, पाणी पी आधी."

दुसरा कोणी असता तर त्याने मला खांद्याला धरून बाहेर नेलं असतं, "देसले, घाबरू नकोस हं," अशी सुरुवात केली असती आणि सासऱ्यांचं नाव येईपर्यंत मी घरातली सगळी माणसं मनात मारून मोकळा झालो असतो. "घाबरू नकोस" हे ऐकून न घाबरलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. विशेने मला घाबरायला जागाच ठेवली नाही. बातमीतलं जे सगळ्यात आधी लागतं, ते त्याने सगळ्यात आधी दिलं. अपघात शेवटी सांगितला.

ही त्याची तऱ्हा साऱ्या कारखान्याला पाठ होती. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा लहानसा कारखाना होता, दवाखान्यांना लागणारी यंत्रं बनवणारा. मी स्टोअरला, विशे डिझाइनला. डिझाइन विभाग म्हणजे विशे, त्याचं टेबल आणि पोट उघडी टाकलेली चार-पाच यंत्रं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून तो नव्वदच्या आसपास ठाण्याच्या एका मोठ्या कंपनीत लागला होता. ती भल्या पगाराची नोकरी सोडून तो आमच्याकडे आला. का सोडली असं विचारलं तर म्हणायचा, "हे जवळ पडतं." रोज शहापूरजवळच्या सापगावाहून मुरबाडला स्कूटर हाकत येणाऱ्या माणसाने 'जवळ' म्हणावं, याची आम्ही थट्टा करायचो. तोही आमच्याबरोबर हसायचा आणि विषय तिथेच संपायचा.

आमच्या भागात एक रीत आहे. उन्हातून कोणी दारात आलं की आधी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या येतो. तो पितो, तोंड पुसतो, टेकतो. मग विचारायचं, "गाव कुठला तुमचा?" मग कोणाचा कोण, सोयरे कुठले, पाऊसपाणी कसं, हे सगळं ओघाने. पाण्याआधी गाव विचारणारं घर आमच्याकडे चांगलं समजत नाहीत. रीत सगळ्यांचीच, पण विशेने ती दारातून उचलली आणि सगळ्या जगाला लावली. "आधी पाणी, मग गाव," हे त्याचं पालुपद. कोणी लांबण लावली की तो हात वर करून तेवढंच म्हणायचा, आणि बोलणारा गडबडून मुद्द्यावर यायचा.

त्याचे रजेचे अर्ज बघण्यासारखे असायचे. वर पहिल्या ओळीत 'उद्या येणार नाही.' खाली सही. त्याखाली, जागा उरली तर, 'माननीय महोदय, सप्रेम नमस्कार.' शेठनी एकदा अर्ज परत पाठवला आणि नीट लिहून आणायला सांगितलं. विशेने तोच कागद परत दिला आणि म्हणाला, "आता खालून वर वाचा."

विनोद सांगायचा तर शेवट आधी. "शेवटी तो स्वतःच विहिरीत पडतो. तर काय झालं, एक सावकार होता..." आम्ही त्याच्या तोंडाकडे बघत बसायचो आणि तो एकटाच डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायचा. लग्नाला गेला की आधी पंगतीला बसायचा, मग मांडवात येऊन नवरा-नवरीला भेटायचा. कारखान्यातल्या एका वयस्कर फिटरच्या निरोप समारंभात चार भाषणं झाली, पाचवं विशेचं. तो उठला, म्हणाला, "जेवण तयार आहे," आणि बसला. आमच्या कारखान्यात एवढ्या टाळ्या दुसऱ्या कोणत्याच भाषणाला मिळाल्या नाहीत. तो फिटरही वाजवत होता.

पण याला घाईचा माणूस म्हणाल तर तेही नाही. जेवायला बसला की उठता उठायचा नाही. स्कूटर अशी चालवायचा की सायकलवाले त्याला मागे टाकून जायचे. काम करताना दिवसचे दिवस एका तारेवर काढायचा. घाई त्याला फक्त सुरुवातीची. गोष्ट सुरू व्हायला वेळ लागला की त्याच्या अंगावर काटा यायचा.

आणि या माणसात एक विसंगती होती, तीवरून आम्ही त्याला फार छळायचो. 'आधी पाणी' म्हणणाऱ्या विशेच्या घरचं पाणी कारखान्यातल्या कोणीच प्यालेलं नव्हतं. सापगावावरून येण्याजाण्याचा प्रसंग प्रत्येकाला येई. पण "येऊन जा की घरी," हे शब्द त्याच्या तोंडून कधी आले नाहीत. आम्ही आपणहून म्हणालो, "विशे, रविवारी येतो रे तुझ्याकडे," तर तो म्हणायचा, "पुढे बघू." बायको आहे एवढं ठाऊक होतं. मूलबाळ नव्हतं. मधूनच एखादा दिवस न सांगता दांडी मारायचा आणि दुसऱ्या दिवशी अर्ज द्यायचा, 'काल आलो नाही.' कारण विचारलं तर स्क्रूड्रायव्हर तोंडात धरायचा, म्हणजे बोलायला नको.

आता त्याच्या मुख्य वेडाकडे येतो. विशे असता तर त्याने मला इथवर येऊच दिलं नसतं.

आम्ही नवजात बाळांना ऊब देणारं यंत्र बनवायला घेतलं होतं. कमी वजनाचं किंवा लवकर जन्मलेलं बाळ त्यावर ठेवायचं, अंगाला एक चकती चिकटवायची, आणि यंत्र बाळाचं तापमान बघून वरची शेगडी कमी-जास्त करणार. यंत्राच्या आत एक छोटा संगणक. घरच्या संगणकासारखाच, फक्त हे एकच काम करणारा. काम चोख करायचा. अडचण एवढीच की बटण दाबल्यापासून काम सुरू करायला त्याला चांगलं दीड मिनिट लागायचं.

तुम्ही म्हणाल, दीड मिनिटात काय होतंय? पण ते दिवस भारनियमनाचे होते. शहापूर-मुरबाडकडे वीज यायची आणि जायची. जायची ती जायची, आल्यावरही धड टिकायची नाही, डोकावून परत जायची. प्रत्येक वेळी यंत्र पहिल्यापासून उठणार. एक यंत्र आम्ही शहापूरच्या एका लहान दवाखान्यात वापरून बघायला दिलं होतं. तिथल्या सिस्टर वयाने मोठ्या आणि तोंडाने फटकळ होत्या. विशे आणि मी विचारपूस करायला गेलो, तर त्यांनी आम्हाला दारातच धरलं.

"लाइट गेली की मी बाळाला उचलते आणि पोटाशी धरते. लाइट आली की परत ठेवायचं. पण तुमचं यंत्र जागं झालंय का नाय ते कळतं कुठं? ठेवू का नको? मी बाळ घेऊन उभी, आणि समोर तुमच्या शेठच्या वडलांचा फोटो!"

फोटोची गोष्ट खरी होती. यंत्राला एक छोटा पडदा होता आणि शेठनी कल्याणच्या एका चित्रकाराकडून हौसेने 'स्वागत' करून घेतलं होतं. यंत्र सुरू केलं की पहिल्यांदा गणपती, मग हळूहळू फिरणारी समई, मग कारखान्याचं नाव, मग शेठच्या कैलासवासी वडिलांचा फेट्यातला फोटो आणि खाली 'आपले स्वागत असो'. त्यानंतर यंत्र बाळाकडे वळायचं. शेठ वाईट माणूस नव्हते. शुभकार्य गणपतीशिवाय सुरू करू नये आणि वडिलांना विसरू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. यंत्राचं सुरू होणंही त्यांच्या लेखी शुभकार्यच होतं.

दुसऱ्या दिवसापासून विशेने यंत्राचं उठणं हातात घेतलं. सकाळी बटण बंद, चालू. चहाला बंद, चालू. आम्हाला त्या 'टक' आवाजाची एवढी सवय झाली की तो जेवायला गेला की कारखाना सुना वाटायचा. दर वेळी यंत्र उठताना काय काय करतं ते तो बघायचा आणि माझ्यापाशी येऊन चुगली केल्यासारखं सांगायचा.

"देसले, हा उठल्याबरोबर फ्लॉपी शोधतो. याला फ्लॉपी बसवलेलीच नाय. मग प्रिंटर शोधतो. तोही नाय. हाका मारतो, वाट बघतो, मग नाइलाजाने पुढे जातो. दर वेळी! जो पाव्हणा येणारच नाय, त्याच्यासाठी पंगत अडवायची?"

दुसऱ्या दिवशी नवीन गाऱ्हाणं. "सुरुवातीला हा गप उभा राहतो. का, तर कोणी एखादं बटण दाबेल म्हणून. कोण दाबणार? बाळ?"

मग आणखी एक. "करतो ते सगळं हा बोलून दाखवतो. हे केलं, ते केलं, आता हे करतो. ती बडबड बारीक तारेतून बाहेर जाते, आणि ती जाईस्तोवर हा थांबून राहतो. सदऱ्याचं एकेक बटण लावताना कोणी दवंडी देतं काय?"

वीज अवचित गेली तर पुढच्या वेळी उठताना यंत्र आपलं सगळं माहितीचं कपाट उपसून बघायचं, काही मोडलं तर नाही ना म्हणून. विशेने त्या कपाटात काही लिहायचीच सोय बंद केली. लिहायचं नाही, तर मोडायचं काय आणि तपासायचं काय? असं एकेक करत त्याने दीड मिनिटाचं पाऊण केलं, पाऊणाचं पाव केलं, आणि शेवटी जेमतेम दोन सेकंदांवर आणलं. कोणतीच गोष्ट त्याने पळवली नाही. यंत्र तेच, त्याचा वेग तोच. नको ते काढलं, आणि नंतर चालेल ते नंतर ढकललं, एवढंच.

एकदा मी त्याला म्हणालो, "मग त्या तपासण्या पण काढून टाक. अजून लवकर उठेल."

तो माझ्यावर असा चवताळला की मी दोन पावलं मागे सरलो. "बाळाच्या अंगावरची चकती नीट चालते का, शेगडी ताब्यात आहे का, हे बघितल्याबिगर ऊब द्यायची? भाजायचंय काय? ते पाणी आहे रे. ते पहिलं. नाव-गाव मागे ठेवायचं, पाणी नाय."

इतकं होऊनही शेठ स्वागतावर अडून होते. आणि इथे विशेची मान खरोखर सुरीखाली होती. कारखान्याची परिस्थिती ओढगस्तीची होती. शेठनी सगळ्यांसमक्ष सांगितलं होतं की जिल्ह्यातल्या दवाखान्यांची ऑर्डर दिवाळीच्या आत मिळाली तर ठीक. नाहीतर डिझाइनचं काम पुण्याच्या भागीदाराकडे जाणार, आणि विशेला त्याबरोबर पुण्याला जावं लागेल. राहायला जागा देऊ, पगार वाढवून देऊ. आमच्यातले निम्मे लोक हेव्याने जळले.

विशे म्हणाला, "नाय जमणार."

"अहो, का नाही?"

"नाय जमणार." दुसरं काही नाही. पुण्याला गेला नाही तर नोकरी गेली, आणि त्याच्या विद्येची दुसरी नोकरी शहापूर-मुरबाडात मिळणं कठीण. हे तोही जाणत होता. आम्ही तर्क केले. शेतीचा वाद असेल, देवाचं काही असेल, नवस असेल. कोणी म्हणालं, बायको सोडत नसेल. हे शेवटचं ऐकून तो इतका विचित्र हसला की पुन्हा कोणी तो विषय काढला नाही.

यंत्र दाखवायचा दिवस ठरला. शहापूरच्या त्याच दवाखान्यात जिल्ह्याचे मोठे डॉक्टर येणार होते. शेठनी सोहळाच मांडला. हार, नारळ, समई, पाहुण्यांचा परिचय. यंत्राच्या गादीवर एक रबरी बाहुली निजवली होती. परिचयाचं भाषण शेठ स्वतः करत होते आणि ते पाहुण्यांच्या शाळेपर्यंत पोहोचले होते, तेवढ्यात वीज गेली. माझ्या शेजारी विशे पुटपुटला, "गाव चाललंय अजून. पाण्याचा पत्ता नाय."

थोड्या वेळाने जनरेटर लागला. यंत्राचा पडदा उजळला. आम्हा दोघांचे डोळे त्यावर. शेगडी सुरू झाल्याची खूण म्हणून विशेने हिरवा दिवा बसवला होता, आणि त्याने बदल केल्यापासून तो पापणी लवते न लवते तोच लागायचा.

दिवा लागला नाही. पडद्यावर गणपती आला.

विशेने माझा दंड धरला. काय झालं होतं ते मला नंतर कळलं. यंत्राचा सगळा प्रोग्राम काडेपेटीहून लहान अशा एका कार्डावर असायचा. ऐन मोठ्या दिवशी गणपतीशिवाय सुरुवात नको, म्हणून शेठनी आदल्या संध्याकाळी विशेचं कार्ड काढून जुनं कार्ड घालायला लावलं होतं. गणपतीनंतर समई फिरू लागली. आणि मग जे झालं ते आमच्याकडेच होऊ शकतं. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी समई बघितली आणि उठून हात जोडले. त्यांचं बघून शेजारचे उठले. बघता बघता सगळा दवाखाना त्या यंत्रापुढे हात जोडून उभा राहिला, मोठे डॉक्टरसुद्धा. समई आपली फिरतेय. कारखान्याचं नाव आलं, फेट्यातले वडील आले. सिस्टर तेवढ्या बसून होत्या. त्यांनी बाहुलीच्या पोटाला हात लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "गार पडलं लेकरू."

बाहुलीच ती, पण सगळ्यांचे जोडलेले हात खाली आले. मोठे डॉक्टर गंभीर झाले. शेठचं तोंड उतरलं.

विशे पुढे झाला. सदऱ्याच्या खिशात कुंकवाच्या डबीसारखं जपून ठेवलेलं दुसरं कार्ड त्याने काढलं, यंत्राचं झाकण उघडून बसवलं आणि म्हणाला, "सिस्टर, तुमीच करा बंद-चालू."

सिस्टरनी भिंतीवरचं बटण बंद केलं आणि परत दाबलं. हात बटणावरून खाली यायच्या आत हिरवा दिवा लागला. शेगडीची तार लालसर होऊ लागली. सिस्टरनी तळवा खाली धरला. मग पुन्हा बंद केलं, पुन्हा चालू केलं. पुन्हा दिवा. असं त्या किती वेळ करत राहिल्या, एखादं पोर करतं तसं.

आणि मग, बाहुलीला ऊब मिळू लागल्यावर, पडद्यावर सावकाश गणपती आला. मागून समई. मागून फेटा.

"बाबा आले!" शेठ ओरडले.

विशेने स्वागत काढलंच नव्हतं. त्याने ते फक्त मागे बसवलं होतं. शेठना तो म्हणाला, "आजोबांना आधी नातवाला ऊब मिळू दे असंच वाटलं असतं. मग ते येतील की सावकाश." शेठनी खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं. डॉक्टर शेठना बाजूला घेऊन बराच वेळ बोलत होते.

ऑर्डरचा कागद दिवाळीच्या थोडं आधी आला, आणि नेमका त्या दिवशी विशे न सांगता गैरहजर. शेठ म्हणाले, "देसले, जा, त्याला घरी जाऊन सांग. पुणं रद्द." मी शहापूरची एसटी पकडली. वाटेत पाठ केलं की सांगायचं ते विशेच्या पद्धतीने सांगायचं. दारातूनच ओरडायचं, 'पुण्याला जायचं नाही!' मग नमस्कार.

सापगावात उतरलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. भात कापायला आलेला, वाऱ्याचं नाव नाही. विशेचं घर विचारलं तर ओटीवर बसलेल्या एका म्हातारीने माझ्याकडे नीट बघितलं आणि समोरच्या दाराकडे बोट केलं.

"कारखान्यातलं काय? तां काय घर. पन जरा दमानं जा, बाबा. तारीला फीट आलीय सकालच्यानं दुसऱ्यांदा. दत्ता बसलाय तिच्यापाशी."

दार उघडंच होतं. आत जमिनीवर गोधडी घालून एक बाई कुशीवर निजली होती. अंगाने बारीक, कपाळावर केस चिकटलेले, डोळे अर्धे उघडे पण कुठेच न बघणारे. विशे तिच्या उशाशी मांडी घालून बसला होता. बाजूला पाण्याचा तांब्या, त्यावर फुलपात्र उपडं. मला बघून त्याने हात किंचित वर केला. थांब. मी उंबऱ्यातच बसलो. बातमी तोंडात तशीच राहिली. घसा वाळला होता, तांब्या हाताच्या अंतरावर होता, आणि 'आधी पाणी' म्हणणाऱ्या माणसाने त्याकडे बोट केलं नाही.

"तारा," तो हळू म्हणाला. "गाव कुठला गो तुझा?"

काही नाही. बाहेर कोंबड्या माती उकरत होत्या. त्याने परत विचारलं नाही, तिला हलवलं नाही. यंत्राने क्षणभर उशीर केला तर टेबलावर मूठ आपटणारा तो माणूस भिंतीला टेकून बसून राहिला. किती वेळ गेला मी सांगू शकत नाही.

मग तिचे ओठ हलले. "वैशाखरे."

वैशाखरे म्हणजे मुरबाडच्या पलीकडे, माळशेजच्या पायथ्याचं गाव. तिचं माहेर.

"बरं," विशे म्हणाला. "ये सावकाश."

एकदा तिने विचारलं, "बाबा आलं काय शेतावरना?" तिचे वडील कधीचे वारले होते, हे मला मागाहून कळलं. विशे म्हणाला, "येतील." मग बऱ्याच वेळाने, आवाज तोच, घाई नाही, "गाव कुठला गो तुझा?"

"वैशाखरे."

"बरं."

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि नजर वळवली. तो घाबरलेला होता. त्या दोन उत्तरांच्या मधल्या काळात त्याला वाटत होतं की या वेळी ही तिकडेच राहील, इकडे येणारच नाही. दर वेळी वाटत असणार.

कोंबड्या निघून गेल्या. उन्हाचा पट्टा उंबऱ्यावरून माझ्या पायावर आला. तिने डोळे मिटले, उघडले, छपराकडे बघितलं, मग त्याच्याकडे. या वेळी खरंच त्याच्याकडे.

"गाव कुठला गो?"

"सापगाव," ती म्हणाली. आणि जरा चिडून, "सापगाव. कितींदा इचारतां तुमी?"

विशेने तिला खांद्याखाली हात घालून बसतं केलं, फुलपात्रात पाणी ओतलं आणि तिच्या ओठांना लावलं. मग पहिल्यांदा तो माझ्याशी बोलला.

"डॉक्टरांनी सांगितलंय. पुरती शुद्धीवर आल्याबिगर घोटभरसुद्धा नाय द्यायचं, श्वासात जातं. म्हणून हिला आधी गाव विचारतो. मग पाणी." फुलपात्र खाली ठेवून म्हणाला, "इथं सगळी आळी जाणते. मी कारखान्यात असलो तर ती समोरची म्हातारी येऊन बसते, गाव विचारत बसते. ठाण्याला असताना एकदा खोलीत एकटीच होती. शेजाऱ्यांनी तोंडावर तांब्या ओतला, तोंडात पाणी घातलं. त्यांची चूक नाय, त्यांना वाटलं पाणी द्यावं. तेव्हाच परत आलो. पुण्याला हिला गाव कोण विचारील, देसले?"

मी म्हणालो, "हिच्यापुढे तू घाई करत नाहीस."

"करून उपयोग नाय. बाकी सगळ्यांना लवकर उठवता येतं. हिला नाय. ती येते तेव्हा येते."

मग मी बातमी सांगितली. ओरडायचं म्हणून पाठ केलेली, हळूच सांगितली. पुण्याला जायचं नाही, ऑर्डर आली, काम इथेच राहणार. विशेने गोधडीचं टोक तिच्या पायांवर ओढलं, आणि ते सरळ करण्यातच बराच वेळ घालवला. मग म्हणाला, "तारा, पुन्याला नाय जायचं आता."

"मी कुठं जातेय पुन्याला," ती म्हणाली. मग तिला मी दिसलो. तिने पदर सावरला, आणि नवऱ्याकडे बघून तिचा चेहरा बदलला. "हे कवापासून उंबऱ्यात बसलंन? पाव्हन्यांना पानी दिलांत काय?"

एवढ्या वर्षांत मी विशेला ओशाळलेला बघितला तो त्या दिवशी. तो लगबगीने आत गेला आणि दुसरा तांब्या घेऊन आला. मी सगळा रिकामा केला. बाई माझ्याकडे बघत शांत बसून होत्या. मी रुमालाने तोंड पुसलं, तेव्हाच त्यांनी विचारलं.

"गाव कुठला तुमचा?"

"मुरबाड," मी म्हणालो.

"मुरबाड?" त्यांनी जरा आठवल्यासारखं केलं. "आमच्या वैशाखऱ्याहून सापगावला येताना लागतं तां?"

"तांच," विशे म्हणाला. "आत्ता तिथूनच आलीस तू."